एका बगळ्याचं एक्स्पोजर

फोटो बिघडला की माणूस तो फाडून फेकतो. किस्सा बिघडलेल्या फोटोचा असला की मात्र लोक तो जपून ठेवतात, वर दुसऱ्याला वाटतात! आमच्या फोटो क्लबचे चांगले फोटो आज कोणाजवळ असतील देव जाणे, पण बिघडलेल्या फोटोंचे किस्से जबलपूरपासून नागपूरपर्यंत प्रत्येक लग्नात मला कोणी न कोणी ऐकवतोच. तेही चुकीचे, आणि मलाच! परवा एकानं तर बगळ्याच्या जागी मोर घातला. म्हटलं, आता आपणच सांगून टाकावं. चहा येऊन राहिला आहे, तोवर बसा.

तर गोष्ट एकाहत्तर सालची. जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत ओव्हरटाइम असा, की घरी पोरं ओळख विसरायच्या बेताला आली होती. मी स्टोअर्समध्ये होतो आणि फोटो क्लबचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे फार मोठं काही समजू नका. मेंबर आम्ही तिघंच, आणि शिव्या खायला एक माणूस लागतो, तो मी.

दुसरे बापूसाहेब वझलवार. इन्स्पेक्शनमध्ये. आयुष्यभर माल मापून पास-नापास करण्यात गेलेला माणूस. घरी पोळीसुद्धा उजेडात धरून बघायचे. तिसरे भैयाजी पांढरीपांडे, ड्रॉइंग ऑफिसमध्ये ड्राफ्ट्समन. हात सोन्याचा, पण तो हात कुठं थांबवायचा हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आम्ही फक्त पक्ष्यांचे फोटो काढायचो. लोकांना वाटायचं काय हौशी लोक! कसली हौस? युद्धाचे ढग, त्यात आम्ही डिफेन्सवाले. पुलाचा फोटो काढायचा नाही, स्टेशनचा नाही, धरणाचा नाही, फॅक्टरीच्या भिंतीचं तर नावच घेऊ नका. बायकोचा काढावा तर ती म्हणे, "आधी साडी आणा." राहिलं काय? पक्षी!

आणि होती एक खोली. रिक्रिएशन हॉलच्या मागं, जिन्याखाली, खिडकी नसलेली. एक लाल बल्ब, एक एन्लार्जर, तीन ट्रे, एक नळ. तीच आमची डार्करूम. तुम्हाला हसू येईल, पण त्या वर्षी ती खोली म्हणजे आमचा जीव होता. बापूसाहेबांचा पोरगा फौजेत, सीमेवर. त्यांच्या घरी रेडिओ सकाळपासून चालू, वहिनी कान लावून बसलेल्या. बातम्या लागल्या की बापूसाहेब उठून चालायला लागत, आणि त्या खोलीत येऊन दार लावून घेत. तिथं रेडिओ ऐकू यायचा नाही. पोरगा पुढं सुखरूप परत आला, आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. पण तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं?

ही खोली जायची वेळ आली. कशी, ते ऐका.

*

फॅक्टरीचा वार्षिक दिवस. हॉलमध्ये प्रदर्शन. बायकांचं भरतकाम, पोरांची मॉडेलं आणि आमचे दोन फोटो. जनरल मॅनेजर साहेब, म्हणजे आमचे मोठे साहेब, एकेक बघत आले आणि आमच्यासमोर थांबले. पहिला फोटो आधारताल तलावाचा. काळंभोर पाणी आणि मधोमध पांढराशुभ्र बगळा.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ये क्या है?"

"बगुला, सर."

"अच्छा! मुझे लगा यहाँ कागज फटा हुआ है।"

 खरंच होतं ते. बगळा इतका जळला होता, की न पंख, न डोळा, न चोच. नुसतं भोक! साहेब पुढच्या फोटोकडे वळले. तारेवरचा कोतवाल पक्षी, हा काळा कुळकुळीत.

"और यहाँ स्याही गिर गई?"

मागं उभे असलेले सगळे हसले. कॅरमवाले सगळ्यात जास्त, कारण त्यांचा आमच्या खोलीवर केव्हापासून डोळा होता. संध्याकाळी वेलफेअर साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणे, "पुढच्या वर्षी पक्षी पक्ष्यासारखा दिसला पाहिजे. डोळा, चोच, पंख, सगळं. नाही दिसला, तर खोली कॅरमला." वर हेही म्हणाले, की कॅरममध्ये निदान काळं-पांढरं ओळखू तर येतं!

*

म्हणून मी ठरवलं, यांना एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला उजेड किती द्यायचा ते, शिकवायचं. इथंच माझं चुकलं.

रविवारी सायकली काढून पनागरच्या रस्त्याला लागलो. तिकडं भाजीचे मळे, मळ्यात पाणी सोडलेलं, म्हशी, आणि म्हशींच्या पायात बगळे. बांधावर बसून मी समजावून सांगितलं, "बापूसाहेब, लाइट मीटर बिचारं आंधळं असतं. समोर काहीही धरा, ते त्याला राखाडीच समजतं. काळी म्हैस दाखवली की म्हणतं, उजेड कमी आहे, आणखी दे. तुम्ही देता. म्हैस सुधारते आणि बगळा जळून जातो. म्हणून पांढऱ्या पक्ष्याला मीटर सांगेल त्यापेक्षा कमी द्यायचं."

बापूसाहेबांचा चेहरा असा झाला, जशी मी त्यांच्या खानदानाला शिवी दिली.

"म्हणजे इन्स्ट्रुमेंट खोटं बोलून राहिलं म्हणता?"

"खोटं नाही हो. पण..."

"माधवराव, मीटर कॅलिब्रेट केलेलं आहे. तुम्ही कॅलिब्रेट केलेले आहात का?"

 क्लबचा कॅमेरा वरून मान घालून बघायचा, डबा टाइप. त्यात चित्र उलटं दिसायचं, पक्षी उजवीकडं चालला की काचेत डावीकडं. बापूसाहेबांनी आधी मीटरचं रीडिंग घेतलं. मग खात्री करायला दुसरं घेतलं. दोन्हीत किंचित फरक निघाला, म्हणून तिसरं घेतलं. समोर बगळा म्हशीच्या पाठीवर असा उभा, जसा फोटो काढायलाच आला आहे. मी दात-ओठ खात म्हटलं, "काढा न आता!" त्यांनी मान खाली घातली, बगळा सरकला, यांनी कॅमेरा उलट्या बाजूला फिरवला. बगळा उडाला. फोटोत आली फक्त म्हैस.

मी कपाळाला हात लावला. बापूसाहेबांनी शांतपणे मीटर डबीत ठेवलं.

"रीडिंग बरोबर होतं," ते म्हणाले. "पक्षी रिजेक्ट."

*

पुढच्या रविवारी मी म्हटलं, ठीक आहे, मीटरवर भरवसा आहे न तुमचा? मग मीटर म्हशीला दाखवू नका, पांढऱ्या वस्तूला दाखवा, आणि येईल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त उघडा, म्हणजे उजेड जवळपास तिप्पट द्या. सोपं आहे. पण तिथं शेतात पांढरी वस्तू आणायची कुठून?

भैयाजी रविवारी धोतर नेसायचे.

झालं! भैयाजींना चिखलात, उन्हात, बगळ्याच्या दिशेनं उभं केलं. बापूसाहेब त्यांच्याभोवती मीटर घेऊन प्रदक्षिणा घालून राहिले. "भैयाजी, जरा वळा. हं. आता सोगा पसरा." रस्त्यानं सिहोऱ्याची बस जात होती, तिच्या खिडक्या माणसांनी भरून गेल्या. ड्रायव्हरनं बस हळू केली आणि ओरडला, "क्यों भैया, नाप ले रहे हो क्या?"

भैयाजी संतापले, पण हलले नाहीत. त्यांच्या त्या त्यागावर एक फोटो निघाला. डेव्हलप करून बघतो तर बगळा राखाडी! राख फासलेल्या बैराग्यासारखा! दीड स्टॉप उघडायचं सांगितलं होतं, ते बापूसाहेबांनी केलंच नव्हतं. म्हणे, मीटरच्या वर जाणं तत्त्वात बसत नाही.

तो प्रिंट भैयाजींच्या घरी वहिनींनी पाहिला. मी तक्रार केली, "बघा न वहिनी, पांढरा बगळा कसा करून टाकला."

वहिनींनी एकदा प्रिंट बघितला, एकदा भैयाजींकडं बघितलं.

"तुम्ही रीडिंग यांच्या धोतरावर घेतलं न? मग बरोबर आहे."

*

मे महिन्यात जबलपूरचं पाणी नळातून चहाला चालेल असं येतं. गरम पाण्यात फिल्म धुतली की तिच्यावरचा थर साईसारखा सुटून येतो. एक आख्खा रोल असा ट्रेमध्ये तरंगताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे. बगळे एकीकडं, पट्टी एकीकडं. फिल्म तेव्हा बाजारात दिसत नव्हती. मी इकडून-तिकडून हाता-पाया पडून रोल मिळवायचो आणि हे लोक त्याचं सूप करायचे!

म्हणून भैयाजींना सांगितलं, रसवंतीवाल्याकडून बर्फ आणा आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, थंड करा. बर्फ मोठ्या घमेल्यात टाकायचा, घमेल्यात ट्रे ठेवायचा, हे सांगायची मला गरज वाटली नाही. ड्रॉइंग ऑफिसमधला शिकला-सवरलेला माणूस!

मी आलो तेव्हा भैयाजी अंधारात खूश होऊन उभे. "काय मस्त थंड झालं आहे बघा."

मी हात घातला. डेव्हलपरमध्ये बर्फाचे खडे तरंगत होते. सरबतासारखे!

"अहो, आत काहून टाकला?" मी ओरडलो. "पातळ झालं न सगळं!"

"पातळ झालं तर काय," भैयाजी म्हणाले. "उन्हाळ्यात पातळच चांगलं असतं."

*

दसरा आला. आमच्याकडं दसऱ्याला फॅक्टरीत शस्त्रपूजा. लेथ, प्रेस, मापायची गेजं, सगळ्यांना हळद-कुंकू, फूल, नारळ. इन्स्पेक्शनवाले तर फार कडक. ज्याच्यावर पोट चालतं त्याला कुंकू लागलंच पाहिजे.

दसऱ्यानंतर बापूसाहेबांनी काढलेला पहिला रोल पांढरा फटक. दुसरा त्याहून पांढरा. बगळे सोडाच, म्हशीसुद्धा दुधासारख्या दिसून राहिल्या! वर्ष संपत आलं, रोल संपत आले, कॅरमवाले येता-जाता खोलीचं माप घेऊन राहिले, आणि आमच्या इथं पांढऱ्या म्हशी! माझी झोप उडाली. मी डेव्हलपर बदललं, कॅमेऱ्याचं शटर तपासून घेतलं, मीटरचं सांगितलं तर बापूसाहेब खवळून म्हणाले, "मीटरला हात लावायचा नाही."

शेवटी एक दिवस ते हात धुवायला गेले तेव्हा मी डबी उघडली. मीटरच्या ज्या काचेतून उजेड आत जातो, त्या काचेवर बरोबर मधोमध, बोटभर, हळद-कुंकू!

उजेड आत जाणार कुठून? मीटर बिचारं म्हणे अंधार आहे, अंधार आहे, आणि हे उन्हात शटर सताड उघडं ठेवून बसलेले. बापूसाहेब परत आले तसं मी मीटर त्यांच्या नाकासमोर धरलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हे काय आहे?"

"पूजा केली होती," ते म्हणाले.

"पुसा!"

त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "मी नाही पुसणार. लावलेलं कुंकू कोणी आपल्या हातानं पुसतं का?"

मीच पुसलं. त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं होतं.

*

आता तुम्ही म्हणाल, भैयाजी तरी बरे. ऐका तर मग.

ग्वारीघाटावर एक फोटो मला स्वतःला साधला होता. नावेच्या टोकावर एका पायावर उभा बगळा, मागं नर्मदेचं गडद पाणी. नाववाल्याला सांगून ठेवलं होतं, भैया, जरा हलू नको. तो बिचारा श्वास रोखून बसला. फोटो किंचित काळपट आला, पण प्रिंट करताना तारेवर पुठ्ठ्याचा बारका तुकडा लावून मी बगळ्यावर सावली धरली, बाकीच्या भागाला पूर्ण उजेड दिला. प्रिंटच्या कागदाचं उलटं असतं, जिथं उजेड पडतो तिथं तो काळा होतो. दहा प्रिंट वाया गेले असतील. शेवटी बगळा उजळला. पंखांची रेष न रेष दिसली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, वाचली आपली खोली.

प्रिंटवर दोन-तीन धुळीचे ठिपके होते. भैयाजी म्हणाले, "द्या माझ्याजवळ, बारीक ब्रशनं भरून देतो." मी दिला. काहून दिला, माझं मलाच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिंट आला. ठिपके गेले होते, एकदम सफाईदार. पण बगळ्याच्या पोटाखाली, उभ्या पायाच्या शेजारी, काहीतरी होतं. मी भिंग आणलं. तुटक-तुटक रेषांनी, सुबक, मापात, एक दुसरा पाय काढलेला होता.

"भैयाजी, हे काय?"

"पाय."

"बगळा एका पायावर उभा होता!"

"हो, पण दुसरा आहे न त्याला? पोटात घेतलेला. जो भाग झाकलेला असतो, तो तुटक रेषेनं दाखवायचा असतो." ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघून राहिले. "नाहीतर बघणाऱ्याला वाटेल, लंगडा आहे."

निगेटिव्ह होती न, असं तुम्ही म्हणाल. होती. भैयाजींनी आधी तिच्यावरच हात बसवून पाहिला होता.

*

डिसेंबरात लढाई पेटली. शहरात ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्याला काळा रंग. सायरन वाजला की सगळा अंधार. बापूसाहेब आता रोजच खोलीत येऊन बसायचे.  का, ते आम्ही विचारायचो नाही.

एका संध्याकाळी रोल धुवायला घेतला. त्यात आधारतालचे चांगले, खरोखर चांगले बगळे होते, कारण त्या दिवशी मीटर मी घरी लपवून गेलो होतो. लाल बल्बसुद्धा बंद, कारण फिल्मला तोही चालत नाही. घुप्प अंधारात भैयाजी दोन्ही हातांनी फिल्म ट्रेमधून वर-खाली करून राहिले, मी मनातल्या मनात वेळ मोजून राहिलो. एवढ्यात सायरन, आणि पाठोपाठ दारावर थापा!

"कौन है अंदर? लाइट बंद करो!"

हे चौबेजी, आमच्या एस्टेटचे, म्हणजे फॅक्टरीच्या कॉलनीचे, ब्लॅकआउट वॉर्डन. युद्ध जिंकायची अर्धी जबाबदारी आपल्यावर आहे, अशा थाटात फिरायचे.

"बंद है, चौबेजी!" मी आतून ओरडलो. "दरवाजा मत खोलना!"

"काहे नहीं खोलना? लाइट जल रही होगी!"

"नहीं जल रही! यहाँ जल ही नहीं सकती! ये डार्करूम है!"

"वो हम देखेंगे।"

कडी तकलादू होती. दार उघडलं, आणि चौबेजींनी मनगटाएवढा जाड टॉर्च पेटवून आधी माझ्या तोंडावर मारला, मग छतावर, मग चारी कोपऱ्यांत, आणि शेवटी ट्रेमध्ये, फिल्मवर. नीट, सावकाश, एक जागा सोडली नाही. भैयाजींच्या हातातली फिल्म डोळ्यांदेखत काळी पडत गेली.

चौबेजींनी टॉर्च विझवला.

"हाँ, ठीक है," ते म्हणाले. "पूरा अँधेरा है। ऐसे ही रखना।"

*

आता शेवटचं.

रोल एकच राहिला. त्यातलेही बरेच फोटो म्हशींवर खर्च झालेले. कॅमेरा त्या आठवड्यात बापूसाहेबांकडं होता. त्यांचं क्वार्टर एस्टेटच्या शेवटच्या ओळीत. मागच्या व्हरांड्यातून समोर आमराई, आणि आमराईच्या अलीकडं... असू दे.

सकाळची वेळ. आत रेडिओवर बातम्या लागलेल्या. बापूसाहेब व्हरांड्यात येऊन उभे राहिले, आणि समोर, हाकेच्या अंतरावर, एक बगळा उतरला. मागं आमराईची काळी सावली, बगळ्यावर कोवळं ऊन. बापूसाहेबांनी कॅमेरा उचलला आणि काढला. एकच.

प्रिंट ट्रेमध्ये हळूहळू वर आला तेव्हा आम्ही तिघंही वाकून बघत होतो. आधी आमराई काळी झाली, मग बगळ्याची कड, मग चोच, मग डोळा. मग पंख! एकेक पंख सुटा, पांढऱ्यावर पांढरा, तरी दिसणारा. असा बगळा मी जन्मात पाहिला नव्हता.

"रीडिंग किती घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं नाही."

"काय?"

"मीटर आत होतं. रेडिओजवळ." ते ट्रेकडंच बघून राहिले. "आत जावं लागलं असतं. मग आपल्या हाताच्या तळव्यावर ऊन कसं पडून राहिलं ते बघितलं, आणि काढला."

 भैयाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, हाताला फोटो धुवायचं हायपो लागलेलं होतं तसंच.

पण आमचं नशीब एवढं सरळ कसं असेल? प्रदर्शनात लावायच्या प्रत्येक फोटोवर सिक्युरिटीची मोहर लागायची. सिक्युरिटीचे ठाकूर साहेब, मिशीला पीळ, डोळ्यात संशय. त्यांनी प्रिंट हातात घेतला आणि बगळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोट बगळ्याच्या पायाखाली टेकवलं.

"ये क्या है?"

"आपको तो मालूम है, साहब," मी म्हटलं.

"मालूम है, इसीलिए पूछ रहा हूँ।"

बगळा फॅक्टरीच्या, फोटो काढायला बंदी असलेल्या, एका वस्तूवर उतरला होता, ते आम्हा तिघांच्या लक्षातच आलं नव्हतं! पक्षी बघायची सवय लागली की माणूस पायाखालचं बघत नाही. ठाकूर साहेब म्हणाले, बगळा राहू द्या, खालचं सगळं काळं करा.

"पण साहेब, मग तो उभा कशावर राहील?" भैयाजी कळवळले. "मी ब्रशनं एक फांदी काढून देतो."

"डाली वहाँ थी?"

"नव्हती."

"तो झूठी चीज पर मोहर नहीं लगाऊँगा।"

मग काय! पुठ्ठ्याला भोक पाडलं, आणि त्या भोकातून पायाखालच्या भागावर उजेड देत राहिलो, तो काळा होईपर्यंत. बगळ्याचा एक पंखही काळवंडता कामा नये, आणि त्या वस्तूची कडही दिसता कामा नये. भैयाजींचा सोन्याचा हात पहिल्यांदा बरोबर जागी थांबला. प्रिंट तयार झाला. अप्रतिम बगळा, ऐटीत, दोन्ही पायांवर वजन टाकून, हवेत उभा!

ठाकूर साहेबांनी मोहर मारली. वार्षिक दिवशी फोटो लागला. मोठे साहेब एकेक बघत आले, आमच्यासमोर थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मागं वेलफेअर साहेब, त्यांच्यामागं कॅरमवाले झाडून सगळे. बापूसाहेब फोटोशेजारी ताठ उभे. मी देवाचं नाव घेऊन राहिलो.

"वाह," साहेब म्हणाले. "वाह! आँख देखिए, पंख देखिए। एक-एक अलग।"

माझा जीव भांड्यात पडला. कॅरमवाल्यांचे चेहरे उतरले. साहेब पुढं निघाले, आणि थांबले. परत वळले. वाकले.

"लेकिन ये खड़ा किस चीज पर है?"

 मी ठाकूर साहेबांकडं बघितलं. ते समोर भिंतीकडं बघत उभे. भैयाजी पायाच्या अंगठ्याकडं.  आणि बापूसाहेब, ज्या माणसानं आयुष्यात एका खिळ्याबद्दलही खोटं सांगितलं नाही, ते एक पाऊल पुढं आले.

"साहब, आपको बताने की परमिशन नहीं है।"

मोठे साहेब म्हणजे सगळ्या फॅक्टरीचा मालक म्हणावा असा माणूस! त्याच्या सहीशिवाय फाटकातून हातगाडी बाहेर पडत नसे. साहेबांनी बापूसाहेबांकडं बघितलं. मग हळूच मान वळवून ठाकूर साहेबांकडं.

ठाकूर साहेबांनी टाचा जुळवल्या. "जी सर। नहीं है।"

साहेबांनी परत एकदा त्या हवेतल्या बगळ्याकडं बघितलं. मग वेलफेअर साहेबांना जवळ बोलावलं, आणि आम्हा तिघांकडं बोट करून म्हणाले, "इन लोगों का वो अँधेरा कमरा है न? इनको वहीं रहने दीजिए। बाहर मत निकालिए।"